रोहिणीचे पंधरा दिवस

२० मे २०२५, मंगळवार, दुपारचे साडेतीन. खळ्यात, म्हणजे अंगणात, पाच सुपं भरून सोलं (आमसुलं) वाळत होती. तिसरं पुट सकाळीच चढलं होतं. त्यांच्या पलीकडे जुन्या जाळ्यावर खारवलेले बांगडे, आणि मांगराच्या (सामानाच्या खोपटाच्या) सावलीत भिजवून आणलेल्या चुडतांचा, माडाच्या झावळ्यांचा, ढीग. मी पायरीवर बसून झाप, म्हणजे झावळ्यांच्या ताट्या, विणत होते. सासूबाई विहिरीवरून आल्या, ओले हात पदराला पुसत दक्षिणेकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गो, ह्या मळभ काय बरा नाय. सोलां भितर घे."

मी म्हटलं, "आये, आज वीस तारीख. वळवाचो पाऊस आसतलो. येतलो नि जातलो."

तो आला तो पुढचे आठ दिवस हललाच नाही.

त्या आठ दिवसांबद्दल मला गेलं वर्षभर लिहायचं होतं. पाऊस लवकर आला ही बातमी सगळ्यांनी वाचली, शहरातल्या माझ्या मैत्रिणींनी तर आनंदाने फोन केले, उकाडा संपला म्हणून. त्यांना मी काय सांगणार होते? आमच्या घरातून रोहिणी नक्षत्रच्या नक्षत्र चोरीला गेलं होतं.

आधी आमचं गाव कसं आहे ते सांगते. मालवण तालुक्यातलं तळाशील म्हणजे वाळूची एक लांबट पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कालावलची खाडी, मधे माड आणि माडांत घरं. गड नदी सह्याद्रीतून उतरते ती सरळ समुद्राला मिळत नाही, आमच्या गावाच्या कडेकडेने दक्षिणेला जाते आणि सर्जेकोटच्या बाजूला बाहेर पडते. त्यामुळे रात्री अंथरुणावर पडलं की एका कानाला समुद्राची गाज आणि दुसऱ्या कानाला खाडीचं शांत पाणी. लग्न होऊन आले तेव्हा पहिले दोन पावसाळे मला झोप लागली नव्हती. माझं माहेर मसुऱ्याचं, त्याच खाडीवर पण आतल्या अंगाला. तिथे पाऊस वरून पडतो. इथे तो आडवा येतो, समुद्रावरून, वाऱ्याला धरून, आणि भिंतीतून आत शिरायला बघतो.

सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो साधारण २५ मेला. ७ किंवा ८ जूनला मृग लागतं, आमच्या तोंडी मिरग. मधले हे चौदा-पंधरा दिवस म्हणजे घराच्या वर्षाचा कणा. कडक ऊन असतं, घामाने डोळे चुरचुरतात, संध्याकाळी दूरवर वीज चमकते, एखादी सर येऊन धूळ बसवून जाते. ती सर हवीच असते. माहेरी माझा भाऊ त्या सरीच्या भरवशावर धूळवाफेत भात पेरतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन यायला हवं. आमचा सगळा हिशोब त्या उन्हावर.

ऊन आमच्याकडे मोजतात. म्हणजे खरंच मोजतात, पायलीने भात मोजावं तसं. सोलांना सात उन्हं, बांगड्याला चार, गोलम्याला (बारीक जवळ्याला) दोन, कुळथाला एक कडकडीत, लाकडांना मिळतील तितकी. खळं तेवढंच असतं, त्यामुळे कुणाला कुठलं ऊन द्यायचं हे सासूबाईंच्या डोक्यात आठवडाभर आधीच ठरलेलं असतं. मोठ्या मिलिटरी मोहिमेसारखं ते चालतं आणि त्या मोहिमेच्या सेनापती त्या.

सोलांचं सांगते, कारण जीव त्यांच्यातच सर्वात जास्त अडकलेला असतो. आमची रतांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं आहेत, विहिरीमागे. मेच्या सुरुवातीपासून फळ लाल होऊन पडायला लागतं. फळ कापायचं, गर आणि बिया वेगळ्या करायच्या, त्या गराच्या रसात मीठ घालून तो मडक्यात ठेवायचा. सालं पहिल्यांदा नुसती वाळवायची. मग संध्याकाळी रसात बुडवायची, सकाळी काढून उन्हात, पुन्हा संध्याकाळी रसात. प्रत्येक वेळेला एक पुट चढलं म्हणायचं. सातव्या पुटाला साल काळसर, जाड, तेलकट चकचकीत होतं आणि हातात धरलं तरी वास बोटांना दोन दिवस राहतो. बाजारात मिळतात ती दोन-तीन पुटांची असतात, आमटीत टाकली की रंग देतात आणि संपतात. घरचं एक सोल चार माणसांच्या तिवळाला, सोलांच्या साराला, पुरतं. उरलेल्या रसाचं आगळ. बियासुद्धा टाकत नाहीत, त्यांचं तेल काढून गोळे करून ठेवतात आणि पावसात चिखलाने पायाला भेगा पडल्या की तेच लावतात.

बांगडे पोटातून उघडायचे, मीठ भरायचं, रात्रभर पिंपात दाबून ठेवायचे, सकाळी धुऊन जाळ्यावर पसरायचे. माश्या, कावळे आणि मांजर यांच्यावर लक्ष ठेवायला माझा मुलगा, हातात माडाचा हीर घेऊन. पेडवे, सुंगटं, गोलमो यांचंही तसंच, फक्त उन्हं कमी.

आणि हे चालू असताना वर छपरावर शाकारणी. नवरा आणि दीर कौलं उतरवतात, मी खालून नवी देते. वांदरांनी फोडलेली कौलं दरवर्षी पन्नास-साठ तरी निघतात. पश्चिमेची बाजू आधी, कारण वावझड, वाऱ्याबरोबर येणारी पावसाची झड, तिथूनच येते. मग पडवीला झाप बांधायचे. त्यासाठी माडाची चुडतं खाडीत दगडाखाली आठ-दहा दिवस भिजत ठेवतात. खाऱ्या पाण्यात ती मऊ होतात आणि कीडही लवकर लागत नाही. सासूबाईंचा एक नियम होता. अक्षय तृतीया झाल्याशिवाय चुडतं पाण्यात टाकायची नाहीत. मी एकदा विचारलं का, तर म्हणाल्या, "माझ्या सासयेन कधी टाकल्यान नाय." हल्ली वाडीतली निम्मी घरं निळी ताडपत्री बांधतात. ताडपत्रीला मी नावं ठेवत नाही, काम होतं तिने. पण ती वाऱ्यावर रात्रभर फडफडते. झाप वारा गिळतो.

माडाची सोडणं, करवंट्या, पिढे मांगरात रचायचे. फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळवून मडक्यात. कांद्याच्या माळा आढ्याला. होड्या ओढून माडांपर्यंत वर आणायच्या, त्यासाठी निम्मी वाडी लागते. जाळी धुऊन, सुकवून, उंदरांपासून वर टांगायची. या सगळ्याला बेगमी म्हणतात. मिरगाच्या दिवशी कोंबड्याची सागोती आणि वडे खाल्ले की ती संपली. मग पाऊस यायचा आणि आपण दार ओढून घ्यायचं.

तर गेल्या वर्षी काय झालं. २० तारखेच्या त्या दुपारी मी सोलं आत घेतली, बांगडे गोळा करेपर्यंत पहिली सर अंगावर होती. मला वाटलं उद्या. दुसऱ्या दिवशीही पाऊस. मग मोबाईलवर एकेक कळत गेलं. कोकणासमोर अरबी समुद्रात कमी दाब तयार झाला होता, तो वाढत गेला, आणि २४ मेला तो रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढला. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला. नेहमीची तारीख १ जून, म्हणजे आठ दिवस आधी. २५ मेला तो आमच्या उत्तरेला देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, आणि २६ मेला मुंबईत, जिथे तो ११ जूनला यायचा असतो. केरळातून मुंबईला यायला त्याला एरवी दहा दिवस लागतात. या वेळी दोन दिवसांत आला.

२५ मे. रोहिणीचा पहिलाच दिवस.

माझे चुलत सासरे, ज्यांना सगळी वाडी तात्या म्हणते, ते संध्याकाळी कांबळं डोक्यावर घेऊन आमच्या पडवीत येऊन बसले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. बराच वेळ पागोळ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाऊस इलो. पण मिरग खंय इलो?" कुणीच काही बोललं नाही. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतंच.

तेव्हा घराची स्थिती अशी. पश्चिमेच्या छपराचा अर्धा भाग शाकारलेला, अर्ध्यावर ताडपत्री. झाप विणून झालेले अकरा, लागणारे चाळीस. लाकडं खळ्यातच. सोलांची तीन पुटं झालेली, चार बाकी. बांगड्यांना दोन उन्हं लागलेली, दोन बाकी. झाडांवर अर्ध्याहून अधिक रतांबे तसेच, जे पावसाने फुटून चिखलात पडायला लागले होते. विहिरीमागची जमीन आठ दिवस लाल दिसत होती.

लाईट तीन दिवस नव्हती. चुलीवर दोरी बांधून त्यावर आम्ही बांगडे टांगले, सोलं सुपांसकट चुलीच्या वर फळीवर ठेवली. धूर लागला, पण धूर म्हणजे ऊन नव्हे. पाचव्या दिवशी सोलांवर पांढरी लव दिसली. सासूबाईंनी एकेक सोल उचलून, पुसून, वास घेऊन बाजूला केलं. रात्री अकरापर्यंत त्या कंदिलाच्या उजेडात बसल्या होत्या. मी म्हटलं आता झोपा, तर ऐकेनात. पाच सुपांतलं एक सूप वाचलं. बांगड्यांत अळी झाली. ते नवऱ्याने माडांच्या मुळांत पुरले. माडाला मासळीचं खत चांगलं, हे खरं आहे. पण त्या बांगड्यांसाठी मी दोन दिवस मान खाली घालून पोटं फाडली होती, आणि माती ओढताना त्यानेही माझ्याकडे बघितलं नाही.

मग २८-२९ तारखेला पाऊस थांबला. एवढ्या घाईने आलेला मान्सून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जवळजवळ जागच्या जागी अडकून राहिला. ऊन पडलं. आम्ही सगळं पुन्हा खळ्यात काढलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, मग झालं की काम, मिळाले की दिवस. पण ते ऊन निराळं होतं. जमीन भिजून टिच्च झालेली, हवेत पाणी, दुपारी बारालाही सुपाखालचं खळं गार. सोलं वाळायच्या ऐवजी चिकट झाली. मीठ पाणी सोडत होतं. सासूबाईंनी तळहात उन्हात धरला, थोडा वेळ थांबल्या, आणि म्हणाल्या, "ह्या उनात जीव नाय." रोहिणीच्या उन्हाचा जीव त्याच्या कोरडेपणात असतो, हे मला सोळा वर्षांत पहिल्यांदा समजलं. तोवर मी फक्त तापच बघत होते.

८ जूनला रविवार होता. मिरग. परंपरेप्रमाणे कोंबडा केला, वडे केले. बाहेर पाऊस नव्हता. मुलाला परसात मिरगाचा किडा सापडला, तो लाल मखमलीचा, त्याने तो पानावर घेऊन आजीला दाखवला. त्या हसल्या, पण जेवताना गप्प होत्या. पावसाने आधीच येऊन घर विस्कटलेलं, आणि मिरगाच्या दिवशी मात्र कोरडं.

मसुऱ्याला भावाचं वेगळंच. त्याची धूळवाफेची पेरणी व्हायची होती ती राहिली, वाफे पाण्याने भरले. शेवटी बियाणं भिजवून, मोड आणून चिखलावर टाकलं. तरवा, म्हणजे रोपं, आला, पण आठ-दहा दिवस मागे आणि विरळ. फोनवर तो म्हणाला, पाऊस लवकर आला आणि शेती उशिरा.

समुद्राचं गणित याहून साधं आणि जास्त दुखणारं. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, ६१ दिवस. या काळात बहुतेक मासळी अंडी घालते, त्यामुळे बंदी हवीच. माझ्या नवऱ्याचंही तेच मत आहे आणि रापणीवरच्या सगळ्या जुन्या माणसांचंही. घरं त्या ६१ दिवसांची तयारी करतात. पण गेल्या वर्षी बंदरात धोक्याचा बावटा २० मेच्या सुमारालाच लागला, आणि मेच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत, म्हणजे ज्या दिवसांत वर्षअखेरीची चार पैसे देणारी मासळी मिळते आणि सुकवायचा बांगडा स्वस्त होतो, होड्या माडांत उभ्या होत्या. कायद्याची तारीख तीच राहिली. प्रत्यक्षात ७३ दिवस झाले. जास्तीच्या बारा दिवसांसाठी कुठल्याही घरात डबा नव्हता, आणि जे सुकवलं ते माडाच्या मुळात गेलेलं.

जुलै मी विसरणार नाही. उपासमार वगैरे नव्हती, असं कुणी समजू नये. तांदूळ होता, कुळीथ होता, रोज पिठी करता येत होती. परसात टाकळा उगवला, कुर्डू उगवली, माहेरहून एकदा अळंबी आली आणि एकदा चढणीचे मासे. नदीला पहिला मोठा पूर येतो तेव्हा मासे पाण्याच्या उलट्या दिशेने शेतांत चढतात, भाऊ रात्री बॅटरी घेऊन बांधावर बसतो. खाडीत कुर्ल्या मिळत होत्या. पण फडताळ उघडलं की जे दिसायचं तेच मनाला लागायचं. सुक्या मासळीचा पत्र्याचा मोठा डबा, जो जुलैत निम्मा असतो, तो हलवला की आत फक्त गोलम्याचा तळ वाजत होता.

आणि सोलं. वाचलेलं एक सूप किती पुरणार? सासूबाईंनी मोजून द्यायला सुरुवात केली. आमटीला दोन, बांगड्याच्या तिखल्याला तीन. चिंच घातलेलं मासळीचं कालवण त्या तोंडाला लावत नाहीत. मी काही दिवस बिंबलं घालून भागवलं. शेवटी जुलैच्या अखेरीस मालवणच्या बाजारातून पाव किलो सोलं विकत आणली. पिशवी मी ओट्यावर ठेवली. त्यांनी एक सोल घेतलं, दोन बोटांत चोळलं, आणि काही न बोलता बरणीत भरलं. या घरात सोलं विकत आली ती पहिल्यांदा. शेजारच्या काकींनी कळल्यावर त्यांच्या जुन्या, आदल्या वर्षीच्या बरणीतली मूठभर आणून दिली. त्यांच्याकडेही नव्हती फारशी. ती मूठ मी वेगळी ठेवली होती, वापरायचा धीरच होईना.

त्याच दिवसांत तात्यांनी माझ्या मुलाला भरतीचं गणित शिकवलं. बाहेर धो धो, दोघे पडवीत, मधे पाटी. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पूर्ण, सकाळीही आणि संध्याकाळीही. द्वादशीला नऊ. रोज पाऊण तासाने पुढे. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. मुलाने मोबाईलवर वेळा शोधून ताडून बघितल्या, थोडा इकडेतिकडे फरक, पण जुळतं. जुलैच्या २४ला, दिव्यांच्या अवसेला, तो दुपारच्या आधी किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला. लाटा माडांच्या पहिल्या रांगेपर्यंत आल्या होत्या, त्याने सांगितलेल्या वेळेला. भिजून घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता! मला मात्र दुसरंच वाटत होतं. तात्यांच्या आजोबांच्या वेळचं हे पाऊणपटीचं गणित अजून चालतं, कारण चंद्र बदललेला नाही. रोहिणी-मिरगाचं गणितही त्याच माणसांनी तेवढ्याच वर्षांच्या निरखण्यातून बसवलं होतं, आणि ते आम्हाला ऐन वेळी उपयोगी पडलं नाही.

नारळी पुनव ८ ऑगस्टला होती. कायद्याने १ तारखेपासून होड्या जाऊ शकत होत्या, पण आमच्याकडच्या लहान होड्या नारळ दिल्याशिवाय पाण्यात घालत नाहीत. मालवणच्या धक्क्यावर गर्दी असते, नारळ लढवतात, मुलांना तेच हवं असतं. आम्ही आमच्या किनाऱ्यावर पाच घरांनी मिळून नारळ दिला. सासूबाईंनी हात जोडले ते बराच वेळ सोडले नाहीत. पुढच्या आठवड्यात पहिले पेडवे घरी आले, त्या दिवशी मी काकींची ती मूठ काढली.

२७ ऑगस्टला गणपती. मुंबईहून दीर-जाऊबाई आल्या. दरवर्षी परत जाताना त्यांच्या पिशवीत सोलांचा एक पुडा, आगळाची एक बाटली, सुक्या बांगड्यांची गुंडाळी जाते. सासूबाई ती स्वतः बांधतात, वर्तमानपत्र, मग प्लॅस्टिक, मग सुतळी. आदल्या वर्षीच्या आगळाची शेवटची बाटली होती, ती पाच दिवसांच्या सोलकढीत संपली. निघताना जाऊबाईंना त्यांनी नारळ दिले, काकडी दिली, आणि म्हणाल्या, "औंदा सोलां नाय हा गो." जाऊबाई म्हणाल्या, आये, त्यात काय, मुंबईत मिळतात. त्यांनी प्रेमानेच म्हटलं. सासूबाईंनी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

जायलाही पाऊस तयार नव्हता. दिवाळी झाली तरी येत होता. भावाचं कापलेलं भात शेतात भिजलं.

हे एकदाच झालं म्हणून सोडून द्यावं का, यावर घरात खूप बोलणं झालं. नवऱ्याचं म्हणणं, एका वर्षावरून रीत बदलत नाही, पुढच्या वर्षी पाऊस ७ जूनलाच येईल कदाचित. येईलही. पण मे महिन्यात समुद्र बिघडला की काय होतं हे आम्ही एकदा आधीच बघितलंय. २०२१ साली १६ मेला तौक्ते वादळ आमच्या समोरून गेलं. आमचे तीन माड पडले, मांगराचा पत्रा काकींच्या विहिरीत सापडला. तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं होतं, संपली बेगमी. पण वादळ वर गुजरातकडे गेलं आणि मागून ऊन परत आलं, आणि आम्ही उरलेल्या दिवसांत धावपळ करून सगळं उरकलं. त्या वर्षी वादळ येऊनही रोहिणी आमच्या हाती लागली. गेल्या वर्षी वादळ असं नव्हतंच, कुणाचं छप्पर उडालं नाही, बातम्यांत आमच्या गावाचं नाव आलं नाही, आणि तरी घर रिकामं झालं. अशा नुकसानीचा पंचनामा होत नाही. पाच सुपं सोलांचा अर्ज कुठे करायचा?

मी मनाशी ठरवलं की यंदा सगळं दीड महिना अलीकडे आणायचं. जे आणता येईल ते. मासळी आणता येते. फेब्रुवारीपासून मिळेल तसा बांगडा मी थोडा थोडा खारवतेय, महाग पडतो, पण डब्यात एक थर झालाय. सासूबाईंचं म्हणणं, फेब्रुवारीत सुकवलेला मासा श्रावणापर्यंत खवट होतो. त्यात तथ्य आहे, म्हणून दर पंधरा दिवसांनी डब्याला ऊन दाखवायचं कबूल केलंय. शाकारणी पाडव्यानंतर लगेच. नवऱ्याने बांबू आणि जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा एक बुटका तंबू खळ्याच्या कोपऱ्यात उभा केलाय, दोन्ही टोकांना जाळी, खाली काळा कागद. आत दुपारी हात घालवत नाही. गोलमो त्यात एका दिवसात कुरकुरीत झाला. सासूबाईंनी तो चाखला, मान हलवली, पण बाहेर जाळ्यावरही थोडा वाळत घातलाच.

रतांबे मात्र कुणाचं ऐकत नाहीत. ते पिकायचे तेव्हाच पिकणार. आज विहिरीमागे जाऊन बघितलं, हिरवी बोराएवढी फळं धरलीत. मेच्या आत लाल होणार नाहीत. त्यांना सात उन्हं मिळतील की नाही हे मला आता कुणीच सांगू शकत नाही. मी फक्त एवढंच करू शकते की बाकी सगळं आधी संपवून खळं त्यांच्यासाठी मोकळं ठेवायचं.

चुडतांचं मी सासूबाईंकडे काढलंच नव्हतं. नियम त्यांच्या सासूचा. अक्षय तृतीया यंदा १९ एप्रिलला आहे, मला वाटलं तोवर थांबू, एवढं एक त्यांच्या मनासारखं होऊ दे.

परवा शिमग्याचे खेळे येऊन गेले. काल संध्याकाळी ओहोटी होती म्हणून मी मुळे (शिंपल्या) काढायला खाडीवर गेले. आमच्या पायरीच्या बाजूला, गुडघाभर पाण्यात, काहीतरी रचून ठेवलेलं दिसलं. जवळ गेले. चुडतं होती, देठ एका बाजूला, शेंडे एका बाजूला, वर चिऱ्याचे तीन दगड. पाण्याने वाहून जाऊ नये म्हणून जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी बांधलेली, तीच गाठ जी त्या पुड्याला मारतात. मी वाकून मोजली. चाळीस होती.

एक दगड थोडा सरकला होता, तो नीट बसवला आणि मुळ्यांची टोपली घेऊन वर आले. सासूबाई पडवीत कुळीथ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी टोपलीत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "मोठे गावले गो."